शिक्षणाचा अभियंता : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

प्रस्तावना

नळाला येणारे पाणी, शेताला मिळणारा कालव्याचा पाट, नदीवरचा पूल आणि डोक्यावरचे छप्पर या सर्वांमागे स्थापत्यशास्त्राचे ज्ञान उभे असते. हे ज्ञान कोणाला मिळावे? ते मोजक्या पदवीधरांपुरते राहावे, की शाळा संपवून पोटापाण्याचा उद्योग शोधणाऱ्या सामान्य मुलापर्यंतही पोहोचावे? या प्रश्नाचे उत्तर आपल्या कृतीने देणाऱ्या एका थोर अभियंत्याचे चरित्र या पाठात दिले आहे. त्यांचा जन्म कर्नाटकात झाला. त्यांच्या अभियांत्रिकी शिक्षणाची आणि कर्तृत्वाची पहिली पंचवीस वर्षे मात्र मुख्यतः महाराष्ट्रात गेली, आणि त्या अनुभवाची शिदोरी घेऊन त्यांनी पुढे बंगळुरूमध्ये तंत्रशिक्षणाचा पाया घातला.

बालपण आणि शिक्षण

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म १५ सप्टेंबर रोजी म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. त्यांच्या जन्मवर्षाच्या नोंदी १८६० आणि १८६१ अशा दोन्ही आढळतात. मुद्देनहळ्ळी हे गाव चिक्कबळ्ळापूरजवळ, नंदी टेकड्यांच्या परिसरात आहे. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे विद्वान होते. आईचे नाव वेंकटलक्ष्मम्मा. घरात विद्या होती, पैसा नव्हता. त्यातच वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. चिक्कबळ्ळापूर येथे प्राथमिक शिक्षण झाल्यावर पुढील शिक्षणासाठी ते मामांच्या आधाराने बंगळुरूला आले.

बंगळुरूमध्ये शिकायचे तर आपला खर्च आपणच भागवणे भाग होते. एका सधन कुटुंबातील मुलांच्या शिकवण्या करून विश्वेश्वरय्या यांनी आपले शिक्षण चालू ठेवले. दिवसा स्वतः विद्यार्थी आणि उरलेल्या वेळी इतरांचा शिक्षक असा त्यांचा क्रम होता. दुसऱ्याला समजावून सांगताना आपलेच ज्ञान पक्के होते, हा अनुभव त्यांना त्या वयात मिळाला. सेंट्रल कॉलेजात त्यांची गणितातील गती पाहून प्राचार्य चार्ल्स वॉटर्स यांचा त्यांच्यावर विशेष लोभ जडला. १८८१ मध्ये ते बी. ए. झाले.

त्या काळी म्हैसूर संस्थानात अभियांत्रिकीचे महाविद्यालय नव्हते. ज्याला अभियंता व्हायचे असेल, त्याला मद्रास किंवा पुण्याची वाट धरावी लागे. संस्थानाची शिष्यवृत्ती मिळाली म्हणूनच विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल होऊ शकले. हेच कॉलेज पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. १८८३ मध्ये स्थापत्य अभियांत्रिकीच्या एल. सी. ई. परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले. एक शिष्यवृत्ती एका मुलाचे आयुष्य कसे बदलू शकते, हे त्यांनी स्वतःच्या आयुष्यात पाहिले. शिष्यवृत्ती न मिळालेल्या इतर मुलांचे काय होते, हेही त्यांच्या ध्यानात आल्यावाचून राहिले नसेल.

महाराष्ट्राची कर्मभूमी

१८८४ मध्ये मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली. नाशिक आणि खानदेश हे त्यांचे सुरुवातीचे कार्यक्षेत्र होते. धुळे भागात पांझरा नदीच्या खोऱ्यात, प्रवाहाखालून नळाद्वारे पाणी पलीकडे नेण्याचे काम त्यांच्याकडे सोपवण्यात आले. पावसाळा सुरू होता. पुराच्या पाण्यात बांधकामाची हानी होईल, म्हणून काम पुढे ढकलावे असे त्यांना वाटले. वरिष्ठांना ते पटले नाही. तेव्हा या तरुण अभियंत्याने वाद वाढवला नाही आणि निराश होऊन हातही आखडता घेतला नाही. अडचणींतून मार्ग काढून त्याने ते काम पूर्ण करून दाखवले.

या कामामागचे तत्त्व शाळेतल्या विज्ञानाचेच आहे. पाणी आपली पातळी शोधते. नळाचे एक तोंड उंचावर आणि दुसरे त्याहून थोडे खाली असेल, तर मधला नळ नदीच्या तळाखालून गेला तरी पाणी पलीकडच्या काठावर वर चढते. पुस्तकात एका ओळीत सांगितलेला हा नियम प्रत्यक्षात उतरवायचा, तर काठांची उंची अचूक मोजावी लागते, नळाचे सांधे घट्ट बसवावे लागतात आणि पाया वाहून जाणार नाही याची काळजी घ्यावी लागते. नियम ठाऊक असणे आणि काम साधणे यांतील हे अंतर विश्वेश्वरय्या यांनी कामावर उभे राहूनच ओळखले. पुढे तंत्रशिक्षणाचा विचार करताना पुस्तकाबरोबर कार्यशाळा हवी, असा आग्रह त्यांनी धरला, त्याचे मूळ अशा अनुभवांत आहे.

यानंतर सिंध प्रांतातील सक्कर शहराची पाणीपुरवठा योजना त्यांनी यशस्वी केली आणि पुण्यात परत आल्यावर मुठा व नीरा यांच्या कालव्यांकडे लक्ष वळवले. कालव्याच्या तोंडाशी असलेल्या शेतकऱ्याला भरपूर पाणी आणि शेवटच्या शेतकऱ्याला कोरडा पाट, ही तक्रार तेव्हाही होती. त्यावर त्यांनी गटवार पाणीवाटपाची पद्धत सुचवली. जमिनीचे गट पाडायचे, पाणी ठरलेल्या पाळीने द्यायचे, आणि गटातील सगळीच जमीन उसासारख्या तहानलेल्या पिकाखाली न आणता काही भागात कमी पाण्याची पिके फिरवून घ्यायची, असे या पद्धतीचे स्वरूप होते. त्यामुळे तेवढ्याच पाण्यात अधिक गावांची शेती भिजू लागली. पाणी हा सर्वांचा वाटा आहे, तो मोजूनमापून वाटला पाहिजे, हा न्यायाचा विचार या तांत्रिक योजनेच्या मुळाशी होता.

खडकवासला धरणावर १९०३ मध्ये बसवलेले स्वयंचलित दरवाजे ही त्यांची विशेष गाजलेली निर्मिती होय. धरणाची भिंत न वाढवता तलावात अधिक पाणी साठवायचे, हा प्रश्न होता. सांडव्यावर त्यांनी असे दरवाजे बसवले, की पाणी ठरावीक पातळीपर्यंत अडून राही. पुराने ती पातळी ओलांडली की दरवाजे आपोआप उघडत आणि पूर ओसरला की पुन्हा मिटत. रात्री-अपरात्री माणसाने जाऊन ते उघडण्याची गरज उरली नाही. या योजनेमुळे तलावाची पातळी सुमारे ८ फूट उंचावता आली. या शोधाचे त्यांनी पेटंट घेतले. ग्वाल्हेरजवळील तिघ्रा धरणावरही पुढे हीच पद्धत वापरली गेली.

पुण्यातील वास्तव्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारख्या विचारवंतांचा सहवास त्यांना लाभला. देशाचे दारिद्र्य, उद्योगांचा अभाव आणि शिक्षणाची गरज यांवरील मंथनाचा तो काळ होता. १८९८ मध्ये त्यांनी जपानचा प्रवास केला. एका आशियाई देशाने काही दशकांतच सार्वत्रिक शिक्षण आणि तंत्रशाळा यांच्या बळावर केलेली प्रगती त्यांनी डोळ्यांनी पाहिली. रस्ते आणि धरणे बांधणारा अभियंता या प्रवासानंतर माणसे घडवण्याचा विचार अधिक गांभीर्याने करू लागला.

म्हैसूर संस्थानात पुनरागमन

मुंबई इलाख्यातील सर्वोच्च पदे त्या वेळी इंग्रज अधिकाऱ्यांसाठीच राखलेली असत. पुढे वाव नाही हे ओळखून विश्वेश्वरय्या यांनी मुदतीपूर्वीच निवृत्ती पत्करली. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद शहराची भीषण हानी झाली होती. तेथील पूरनियंत्रणाची योजना त्यांनी आखली. त्यानंतर १९०९ मध्ये महाराज कृष्णराज वडियार चौथे यांच्या निमंत्रणावरून ते म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता झाले.

कावेरी नदीवरील कृष्णराजसागर धरण हे या काळातील त्यांचे भव्य कार्य. १९११ मध्ये सुरू झालेल्या या धरणाला पूर्ण व्हायला सुमारे दोन दशके लागली. त्याच्या बांधकामात सिमेंटऐवजी मुख्यतः सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी, आणि चुना यांचा दर्जा वापरण्यात आला. सुमारे १३० फूट उंचीच्या या धरणाने मंड्या परिसरातील कोरडवाहू जमीन ओलिताखाली आणली. खडकवासल्याच्या अनुभवातून आलेले स्वयंचलित दरवाजे येथेही बसवले गेले.

एवढे मोठे काम उभे करताना एक उणीव मात्र जाणवत राहते. मुख्य अभियंता आराखडा काढतो. पण तो आराखडा वाचणारा, जमिनीची पातळी मोजणारा, चुन्याचे प्रमाण तपासणारा, खर्चाचा अंदाज मांडणारा आणि मजुरांना काम समजावणारा माणूसही हवा असतो. मुख्य अभियंता एक असला, तर असे तंत्रज्ञ शेकड्याने लागतात. ते परप्रांतातून किती दिवस आणायचे? आपल्याच खेड्यापाड्यांतील मुलांना हे शिक्षण द्यायला हवे, या निष्कर्षाप्रत विश्वेश्वरय्या आले.

शाळेपासून विद्यापीठापर्यंत

१९१२ मध्ये ते म्हैसूरचे दिवाण झाले. संस्थानाचा सर्वोच्च अधिकार हाती येताच त्यांनी शिक्षणाला अग्रक्रम दिला. १९१३ मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा होऊन निवडक भागांत शिक्षण सक्तीचे करण्यास सुरुवात झाली. त्यांच्या सहा वर्षांच्या कारकिर्दीत संस्थानातील शाळांची संख्या सुमारे साडेचार हजारांवरून दहा हजारांच्या पुढे गेली. १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले. भारतातील एखाद्या संस्थानाने स्थापन केलेले ते पहिले विद्यापीठ होते.

पाठोपाठ १९१७ मध्ये बंगळुरू येथे अभियांत्रिकीचे शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. संस्थानातील हे पहिले अभियांत्रिकी महाविद्यालय. स्थापत्य आणि यंत्र या दोन शाखांनी त्याचा प्रारंभ झाला. ज्या शहरातून अभियंता होण्यासाठी विश्वेश्वरय्या यांना एकेकाळी पुण्याला जावे लागले होते, त्याच शहरात आता ते शिक्षण उपलब्ध झाले. आज ही संस्था विश्वेश्वरय्या यांच्याच नावाने ओळखली जाते.

या चढत्या कारकिर्दीत एक कठीण प्रसंग आला. तो टाळून त्यांचे चरित्र पूर्ण होणार नाही. संस्थानातील सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मण समाजाचे प्रमाण फार मोठे होते. आम्हालाही योग्य वाटा मिळावा, अशी मागणी ब्राह्मणेतर समाजांनी केली. महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९०२ मध्येच मागासवर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या. म्हैसूरच्या महाराजांनी १९१८ मध्ये या प्रश्नाच्या विचारासाठी न्यायमूर्ती लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. नेमणुका केवळ गुणवत्तेवर व्हाव्यात आणि मागे राहिलेल्या समाजांना शिक्षण व शिष्यवृत्त्या देऊन पुढे आणावे, असे विश्वेश्वरय्या यांचे मत होते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेचे दारच उघडले नाही, त्यांनी शिकलेल्यांशी एकाच रेषेवरून स्पर्धा कशी करावी, हा दुसऱ्या बाजूचा प्रश्नही तितकाच रास्त होता. मतभेद मिटला नाही. विश्वेश्वरय्या यांनी दिवाणपद सोडले आणि पुढे संस्थानाने राखीव जागांचे धोरण स्वीकारले.

या वादात कोणाची बाजू अधिक न्याय्य, यावर आजही चर्चा होते. त्यातून एक गोष्ट मात्र स्पष्ट होते. शिक्षणाची दारे सर्वांना खरोखर उघडी असल्याशिवाय गुणवत्तेची भाषा अपुरी ठरते.

बंगळुरूची व्यवसाय-शिक्षण संस्था

दिवाणपद सोडल्यावर विश्वेश्वरय्या स्वस्थ बसले नाहीत. १९२१-२२ मध्ये मुंबई इलाख्यातील तांत्रिक व औद्योगिक शिक्षणाचा विचार करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. पुढे अडचणीत आलेल्या भद्रावती येथील लोखंडाच्या कारखान्याची धुरा त्यांनी सांभाळली. या कामाच्या मोबदल्यापोटी सरकारकडून त्यांना मोठी रक्कम येणे होती. ती स्वतःसाठी न घेता तरुणांना व्यवसायाचे शिक्षण देणाऱ्या संस्थेसाठी वापरावी, अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली. त्या संस्थेला त्यांचे नाव द्यावे, असे सुचवण्यात आले. त्यांनी नम्रपणे नकार देऊन तत्कालीन महाराजांचे नाव पुढे केले. अशा रीतीने १९४३ मध्ये बंगळुरूमध्ये श्री जयचामराजेंद्र व्यवसाय-शिक्षण संस्था उभी राहिली. आज ती श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निक म्हणून परिचित आहे.

पदवीचे महाविद्यालय असताना ही वेगळी संस्था कशासाठी? याचे उत्तर तिच्या विद्यार्थ्यांत आहे. पदवीसाठी आधी महाविद्यालयाची काही वर्षे पार करावी लागतात. शाळा संपताच घरचा भार उचलावा लागणाऱ्या मुलाला तेवढी वर्षे परवडत नाहीत. पॉलिटेक्निक अशा मुलासाठी असते. माध्यमिक शाळेतील गणित आणि विज्ञान यांच्या पायावर तेथे पदविकेचे शिक्षण दिले जाते.

स्थापत्याच्या अशा शिक्षणात शाळेतलेच धडे नव्या अर्थाने भेटतात. वहीत काढलेला त्रिकोण मैदानावर जमीन मोजण्याच्या कामी येतो. काटकोन साधण्यासाठी गवंडी दोरीवर ३, ४ आणि ५ अशी मापे धरतो, तेव्हा तो पायथागोरसचा सिद्धांतच वापरत असतो. प्रमाण शिकलेला विद्यार्थी मोठ्या इमारतीचा नकाशा हातभर कागदावर उतरवू शकतो. वरून दिसणारा आराखडा, समोरून दिसणारे रूप आणि मधून कापल्यास दिसणारा छेद अशा तीन चित्रांतून घर कसे समजून घ्यायचे, हे तो शिकतो. घनफळ काढता आले, की भिंतीला किती विटा आणि किती वाळू लागेल याचा अंदाज बांधता येतो. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, हे ठाऊक असले म्हणजे धरणाची भिंत तळाशी रुंद आणि वर निमुळती का असते, हे वेगळे सांगावे लागत नाही. असे शिकलेल्या मुलाला गणित परके वाटत नाही आणि हातकाम हलके वाटत नाही.

आपल्या समाजात लेखणीला मान आणि थापी-करणीला कमीपणा, असा भेद दीर्घकाळ चालत आला. हाताने काम करणाऱ्याला शास्त्र शिकवले गेले नाही आणि शास्त्र शिकलेल्याने हात मळवले नाहीत. त्यामुळे दोघांचेही नुकसान झाले. या दोन टोकांना जोडणारा पूल बांधणे, हे अशा संस्थेचे खरे कार्य होय. पुढे या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी विविध क्षेत्रांत नाव मिळवले. हिंदी चित्रपटसृष्टीतील नामवंत छायालेखक व्ही. के. मूर्ती आणि गोविंद निहलानी हे याच संस्थेत शिकले. तंत्रशिक्षण एकाच धंद्याचे नसते, हे त्यातून दिसते.

अखेरची वर्षे आणि वारसा

विश्वेश्वरय्या यांचे राहणे अत्यंत शिस्तबद्ध होते. वेळेचे भान, कामातील नेटकेपणा आणि सार्वजनिक पैशाबद्दलची काटेकोर वृत्ती यांसाठी ते प्रसिद्ध होते. उत्तरायुष्यातही त्यांनी देशाच्या आर्थिक नियोजनावर लेखन केले. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न हा देशाचा सर्वोच्च सन्मान प्राप्त झाला. १९६० मध्ये त्यांची जन्मशताब्दी त्यांच्या हयातीतच साजरी झाली. १४ एप्रिल १९६२ रोजी बंगळुरू येथे त्यांची प्राणज्योत मालवली. मुद्देनहळ्ळी येथे त्यांचे स्मारक आहे.

त्यांच्या निधनानंतर बंगळुरूमध्ये त्यांच्या नावाचे औद्योगिक व तांत्रिक संग्रहालय उभारण्यात आले. १९६५ मध्ये ते सुरू झाले. तेथे शाळकरी मुले यंत्रे जवळून पाहतात आणि त्यांतील काही स्वतः चालवूनही बघतात. नागपूरचे विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थान आणि बेळगावचे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ यांनीही त्यांचे नाव धारण केले आहे. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस भारतात अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

धरणाची उंची फुटांत मोजता येते, त्याचे पाणी घनफुटांत मोजता येते. शिकवण्या करून शिकलेल्या एका मुलाने पुढे किती मुलांसाठी शिक्षणाची वाट बांधली, याचे मोजमाप करणे अवघड आहे. दरवर्षी बंगळुरूच्या त्या संस्थांत दाखल होणारे नवे विद्यार्थी त्या वाटेवरून चालत असतात.

स्वाध्याय

१. विश्वेश्वरय्या यांना अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी पुण्याला का जावे लागले?
२. गटवार पाणीवाटपाच्या पद्धतीमुळे शेतकऱ्यांना कोणता लाभ झाला, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. पदवीचे महाविद्यालय असतानाही व्यवसाय-शिक्षण संस्थेची गरज का होती?
४. सरकारी नोकऱ्यांच्या प्रश्नावरील दोन्ही बाजूंची मते थोडक्यात मांडा व तुमचे मत सकारण लिहा.
५. तुमच्या परिसरातील गवंडी, सुतार किंवा नळकारागीर यांच्याशी बोला. ते आपल्या कामात शाळेतील कोणते गणित वापरतात, याची नोंद करा.